आप्पासाहेबांची काचेची बराक

आमच्या घरात मासा चालत नसे. चालत नसे म्हणजे त्याचं नाव काढलेलंही चालत नसे. शेजारून तळणाचा वास आला की सासूबाई ताडकन उठून खिडकी लावून घ्यायच्या आणि मोठमोठ्याने रामरक्षा सुरू करायच्या. अशा घरातली मी सून. पण कुठल्या माशाबरोबर कुठला मासा नांदेल, कोण कोणाचं शेपूट तोडेल आणि कोण एकटा पडला की झुरून मरेल, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगते. ही विद्या मला मिळाली आमचे कर्जतचे शेजारी आप्पासाहेब टिपणीस यांच्याकडून. शिकवली वगैरे नाही हो त्यांनी. आप्पासाहेब कोणाला काही शिकवायचे नाहीत. शिकवलं की माणूस ते आपल्यावरच वापरतो, असं त्यांचं मत. मी आपली कुंपणाजवळ उभी राहून ऐकत आले.

मी वाईची. लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडतात, ते बघायला अंगणात धावायचे, इतकी अजाण होते. यजमान स्टेशनात पार्सलकडे होते. आमचं बिऱ्हाड लागलं त्याच दिवशी कुंपणापलीकडे एक उंच, काटक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढऱ्या मिशा, डोक्याला घट्ट रुमाल, आणि नजर अशी की मी नकळत पदर सारखा केला आणि हातातली पितळी मागे लपवली. पितळी माझीच होती, माहेरची, नाव घातलेली, तरी लपवली.

"नाव?"

"गोडबोले," मी म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे आडनावातच आहे. सावध राहायला हवं."

एवढं बोलून आत गेले. मी रडकुंडीला आले. संध्याकाळी त्यांची मुलगी मनू वाटीभर ओल्या खोबऱ्याची बर्फी घेऊन आली आणि म्हणाली, "आप्पांनी पाठवलीय. त्यांचं मनावर घेऊ नका, वहिनी. माझी आई त्यांच्या घरात आली तेव्हा तिलाही म्हणाले होते म्हणे, की मुलगी फारच शांत दिसते, काहीतरी आहे."

आप्पासाहेबांची सगळी उमर तुरुंगात गेली होती. जेलर होते ते. पेन्शन घेऊन कर्जतला आले, पण तुरुंग काही त्यांच्यातून सुटला नाही. दारावर थाप पडली की आधी विचारायचे, "कोण आहे?" उत्तर आलं की दुसरा प्रश्न, "आणखी कोण आहे?" दारात एकटा पोस्टमन उभा असला तरी हा प्रश्न चुकत नसे. बिचारा पोस्टमन मग इकडेतिकडे बघून म्हणायचा, "कोणी नाही, साहेब." देवळात जाताना एक वहाण ते उत्तरेच्या दाराशी काढायचे आणि दुसरी दक्षिणेच्या. चोराला जोड मिळता कामा नये. देवळातून निघताना मग एका पायात वहाण घालून अर्ध्या देवळाला वळसा. भर उन्हाळ्यात चटके बसत, पण वहाणा कधी चोरीला गेल्या नाहीत, हे मात्र खरं. कोणी त्यांना "काय, बरे आहात ना?" म्हटलं की ते थांबायचे आणि म्हणायचे, "का? काय काम आहे?"

माणूस वाईट होता असं मात्र कोणी म्हणू नये. माझा थोरला तापाने फणफणला होता तेव्हा डॉक्टरांनी बाटली दिली. आप्पासाहेबांनी ती उजेडात धरली, हुंगली, आणि "यात काय आहे, हे तो माणूस सांगत का नाही?" म्हणून माझ्यासमोर चमचाभर स्वतः प्याले. मग आमच्या ओट्यावर पाठ भिंतीला टेकून आणि तोंड दाराकडे करून तासभर बसले. स्वतःला काही होत नाही हे बघून उठले आणि म्हणाले, "द्या आता पोराला." अशा माणसावर रागावणार तरी कसं? मी रागवायचे, पण टिकायचा नाही.

मासे हा त्यांचा नाद पेन्शनीतला. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी काचेच्या पेटीत मासे पाहिले होते. इथे आल्यावर त्यांनी इंजिनशेडमधल्या एका फिटरकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून घेतला, जाड काचा लांबी भरून घट्ट बसवल्या आणि ती पेटी पडवीत मांडली. चांगली दोन माणसांना उचलेना अशी होती. खाली धुतलेली वाळू, कोपऱ्यात दोन कौलं, ओढ्यातलं शेवाळ. टिपणिसांचं घर खाणारं. रविवारी मनू विळीवर मासे चिरायची, आणि जेवून हात धुतले की आप्पासाहेब पडवीत येऊन दुसरे मासे बघत बसायचे. चंद्री म्हणून त्यांच्याकडे धुणंभांड्याला बाई होती, तिचं याबद्दलचं नवल सरेना. "सायब, निम्मं मासं खायचं आन् निम्मं बगत बसायचं, ह्यो काय परकार रं बाबा?" आप्पासाहेब म्हणायचे, "खाल्लेल्यांची चौकशी संपलेली असते."

त्या पेटीला ते बराक म्हणायचे. आणि बराकीचे नियम होते. नवा मासा आला की तो आधी काचेच्या बरणीत, एकटा, खिडकीत. ही कच्ची कैद. तिथे तो कसा खातो, कसा वळतो, अंगावर पांढरं काही येतं का, हे सगळं बघायचं. मग त्याचं तोंड. तोंड हा मुख्य मुद्दा. "अंगाचा आकार काय बघता?" ते कुंपणावरून मला ऐकवायचे, "तोंड बघा. ज्याच्या तोंडात शेजारी मावतो, त्याला शेजाऱ्याजवळ ठेवायचा नाही. मग तो कितीही साधा दिसो." दुसरं, जागा. कोणी तळाला राहतो, कोणी मध्ये, कोणी वर पाण्याला चिकटून. तिघांना तीन माळे मिळाले की भांडण नाही. तळाला दोघे तापट टाकले की कौलावरून मारामारी. तिसरं, सोबत. ओढ्यातल्या त्या बोटभर काळ्या पट्ट्याच्या खवल्या असतात ना, त्यातली एकच ठेवली की ती वाईट चालीला लागते, दुसऱ्यांची शेपटं ओढते. तिच्यासारख्या चारपाच दिल्या की आपापसांत खेळते आणि बाकीच्यांना विसरते. हे त्यांना वर्ष-दीड वर्षं बघून कळलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. "तुरुंगात हे कळलं असतं तर," एकदा म्हणाले, आणि कौल सारखं करायला पाण्यात हात घातला.

एका माशाला मात्र कच्ची कैद झाली नाही. कडावकडे भाताच्या खाचरातलं पाणी काढत होते, तिथे त्यांना एक लालभडक पिल्लू दिसलं, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं. ओंजळीत घेऊन आले. "एवढ्याशाची काय चौकशी करायची?" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने बारीक गांडूळ भरवून वाढवलं. तिचं नाव तांबू. वर्षभरात तांबूचा लाल रंग गेला, हिरवट-तपकिरी झाली, लांब झाली आणि कौलाखाली राहू लागली. आप्पासाहेब म्हणायचे, "वयात आली. लाजते आता."

आता मनूचं सांगते, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

मनूची आई ती लहान असतानाच गेली. मनूने विशी ओलांडली तरी लग्न नाही. त्या काळी याचा अर्थ काय होता, ते आताच्या मुलींना सांगून कळायचं नाही. विहिरीवर बायका हिला बघून आवाज खाली करायच्या. दिसायला छान, हाताला चव, हसरी. स्थळं यायची. येणार नाहीत तर काय? पण आलेलं स्थळ जायचं, कारण आप्पासाहेबांनी जावयासाठीही एक कच्ची कैद काढली होती.

मुलगा पोहे खाऊन निघाला की ते त्याच्या हातात एक काचेची हंडी द्यायचे. आत दोन मासे. एक मुंबईहून आणवलेला लांब शेपटीचा सोनेरी, आणि दुसरी ती पट्ट्याची खवली, एकटीच. "हे दोघे एका हंडीत नांदवून दाखवा. दोन महिन्यांनी बोलू." खवली सोनेरीचं शेपूट कुरतडणार हे त्यांना ठाऊक. आणि सोनेरी मासा मुद्दाम असा निवडलेला की त्याच्या डोळ्याखाली पांढरा ठिपका असायचा. पनवेलचा एक वकिलीला बसलेला मुलगा दोन महिन्यांनी हंडी घेऊन आला. दोन्ही मासे ठणठणीत, शेपूट अखंड. आप्पासाहेबांनी हंडी फिरवली आणि शांतपणे म्हणाले, "हा आमचा कैदी नव्हे. तुम्ही बदली कैदी आणलात." मुलाचा चेहरा असा पडला की मला कुंपणाआडून त्याची दया आली. उरणच्या लोकांनी तर दुसऱ्याच दिवशी गड्याबरोबर हंडी परत पाठवली, आम्हाला मुलगी हवी होती, मासे नव्हे, असा निरोप देऊन. "बघा," आप्पासाहेब मला म्हणाले, "धीर नाही." मी म्हटलं, "आप्पासाहेब, धीर तुमच्या मुलीचाही संपेल एक दिवस." ते म्हणाले, "तुम्हाला तिने काही सांगितलंय का?" घ्या!

मग केशव कर्णिक आला. खालापूरचा, घरी आई एकटी, आणि हा खोपोलीच्या वीजघरात यंत्रांची घड्याळं बघायच्या कामावर. वीजघर तेव्हा नवं होतं. आप्पासाहेबांना त्या नोकरीचाच संशय. "जे डोळ्यांना दिसत नाही ते तारेतून मुंबईला पाठवतात म्हणे. आणि तिकडचे लोक ते मिळालं म्हणून सांगतात. कोणी बघितलंय?" केशव हसला. दुसरा कोणी असता तर यंत्रांवर व्याख्यान झोडलं असतं. हा म्हणाला, "मी रोज बघतो ते काटे हलतात एवढंच. बाकी मलाही दिसत नाही." आत मनू बशा विसळत होती, तिचं विसळणं थांबलेलं मी ऐकलं.

हंडी त्यालाही मिळाली. ज्या दिवशी तो हंडी सांभाळत टांग्यात बसला, त्या दिवशी मनू विहिरीवर माझ्याजवळ आली आणि कळशी न बुडवताच उभी राहिली. "वहिनी, हा गेला तर मी पुन्हा पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणार नाही. सांगून ठेवते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

दिवाळी झाल्यावर केशव परत आला. मी लोणच्याचं निमित्त काढून पडवीत जाऊन उभीच राहिले, लपवून काय करू? हंडीऐवजी त्याच्याकडे मोठं काचेचं भांडं होतं. आत तोच ठिपक्याचा सोनेरी मासा, शेपूट कातरलेलं पण भरून येत असलेलं. आणि भोवती एकीऐवजी पाचसहा पट्ट्याच्या खवल्या, एकमेकींच्या मागे पळणाऱ्या.

"हे काय?" आप्पासाहेब म्हणाले.

"पहिल्याच आठवड्यात तिने याचं शेपूट फाडलं. वेगळं करावं तर तुमची अट मोडते. म्हणून बघत बसलो. मला वाटलं, ती दुष्ट नाही, एकटी आहे. पाताळगंगेतून तिच्या जातीच्या आणखी धरल्या आणि सोडल्या. तेव्हापासून याच्याकडे ढुंकून बघत नाही."

मला आनंदाने टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. आप्पासाहेब खाली बसले, भांड्याला डोळा लावला, बराच वेळ बघत राहिले. मग वर बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी तुरुंगातली नजर आली.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"हे मला कळायला वर्ष-दीड वर्षं गेली. तुम्हाला दोन महिन्यांत कळलं." ते माझ्याकडे वळले. मग आतल्या दाराकडे. "हे फक्त या घरात आणि त्या कुंपणापर्यंत ठाऊक होतं. कोणीतरी फुटलंय."

केशवचा चेहरा लाल झाला, पण तो वडीलधाऱ्याला उलटून बोलला नाही. नमस्कार करून निघून गेला. मी मात्र गप्प बसले नाही. "आप्पासाहेब, खोटं आणलं तरी नापास आणि खरं आणलं तरी नापास, मग पास व्हायला आणायचं तरी काय?" ते म्हणाले, "वहिनी, चौकशी चालू आहे." मी लोणच्याची बरणी तिथेच आपटली आणि घरी आले. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

त्या महिन्यातच बराकीतले मासे नाहीसे होऊ लागले.

आधी सोनेरीतला एक लहान गेला. मेलेला सापडला नाही, नुसता नाहीसा. मग वर तरंगणारे चांदीसारखे बारीक मासे एकेक करून कमी झाले. केशव ठेवून गेला होता त्या खवल्या कच्ची कैद संपवून नुकत्याच बराकीत आल्या होत्या. संशय कुणावर, सांगायलाच नको. "त्याचे आहेत ते. आत शिरून कापाकापी चाललीय." सगळ्या खवल्या पुन्हा बरणीत, कच्च्या कैदेत गेल्या. मासे कमी होत राहिले. मग चंद्रीची झाडाझडती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी न्हेलं म्हनता? एवढाएवढाला मासा, कोनच्या दाताला पुरंल त्यो? मला मासं हवं तर ओढा हाय, नदी हाय. तुमच्या भांड्यात कशाला हात घालू?" मग आमची मांजर. दूधभात खाणारं गरीब जनावर माझं, तिला बघितलं की हे काठी आपटायचे. पडवीचं दार दिवसासुद्धा बंद राहू लागलं, आणि चुलीतली राख चाळून आप्पासाहेबांनी पेटीभोवती पसरली. जो येईल त्याचं पाऊल उठेल.

पाऊल उठलं. भर दुपारची वेळ. मी लोणच्याची बरणी परत न्यायला गेले होते, आणि कसं कोण जाणे, नेमकी तेव्हाच पोचले. आप्पासाहेब राखेकडे बोट दाखवत उभे होते. राखेत लहान, सडपातळ पावलं. समोर मनू.

"ही तुझी पावलं."

"माझीच."

"माझ्यामागे इथे काय करत होतीस?" त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. तो आवाज ऐकून कैदी कसे थरथरत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. "मासे काढून देतेस का त्याला? तोच घेऊन येणार ना उद्या मिरवत, की बघा, माझ्याकडे कसे जगले? खरं बोल. तुझं आणि त्याचं हे ठरलेलं आहे की नाही?"

पोटच्या पोरीला असं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तोच मनूने माझ्याकडे बघून हाताने थांबवलं. खिडकीतल्या बरणीत कच्च्या कैदेत असलेल्या खवल्यांतली एक तिने ओंजळीत धरली आणि बराकीत सोडली. खवली इकडे गेली, तिकडे गेली, आणि कौलाजवळून वळली. कौलाखालून एक डोकं बाहेर आलं, चपटं, रुंद. तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी जरा हललं, एवढंच. तांबूच्या ओठातून खवलीच्या शेपटीचं टोक बाहेर दिसत होतं, तेही आत गेलं.

"ही मरळ आहे, आप्पा," मनू म्हणाली. "पिल्लू असताना लाल असते, मग अशी होते. तुम्ही रविवारी आवडीने खाता ती. तुमच्या ताटात तुकडा येतो. डोकं मी चिरते, म्हणून मला डोकं ओळखता येतं. मी रोज येऊन बघत होते, अजून कोण उरलंय ते."

आप्पासाहेबांनी काचेवर हात टेकला. "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"गणपतीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत, तुला हे कोणी सांगितलं."

बाई गं! मनू आत गेली. आप्पासाहेब राखेतच मांडी घालून बसले, पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी. मी बरणी न घेताच परत आले. घरी येऊन मी रडले, आणि नक्की कोणासाठी रडत होते ते सासूबाईंना सांगता येईना.

चंद्रीने दुसऱ्या दिवशी विचारलं, "सायब, कापू का हिला? चांगली वीतभर हाय." आप्पासाहेब म्हणाले, "तिने काय केलं? तोंड वाढलं तिचं. मोजायचं माझं राहिलं." राहिलेले मासे त्यांनी बादलीतून उल्हास नदीत नेऊन सोडले. मरळ पेटीत एकटीच ठेवली. आणि त्यानंतरच्या रविवारी ते माझ्या दाराशी आले, खाली बघत. "वहिनी, खालापूरला जायचं आहे. बायकांशी बोलायला बाईमाणूस बरोबर लागतं. तुम्ही याल का?" मी म्हटलं, "का? काय काम आहे?" बोलून गेले खरी, पण त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. सासूबाईंनी माशांचा विषय असूनही मला जाऊ दिलं, यावरून काय ते समजा.

खोपोलीच्या गाडीने गेलो, पुढे टांगा. केशवची आई ठेंगणी, ठसठशीत, डोईवरून पदर घेतलेली बाई. बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंतसुद्धा थांबली नाही.

"माझ्या मुलाला तुम्ही चोर ठरवलंत. तो दोन महिने जेवताना हंडी समोर ठेवून बसायचा. घरी येऊन काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवलाही नाही. आता कशाला आलात?"

"चूक झाली," आप्पासाहेब म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकले नव्हते. "काय परीक्षा घ्यायची ती माझी घ्या."

"आई, राहू दे," केशव दारातून म्हणाला.

"तू गप रे. परीक्षा नाही, अट आहे. मुलगी मला पसंत आहे, माझ्या मुलाला पसंत आहे. पण माझ्या घरात तुमची नजर नको. कोणत्या डब्यात काय आहे, कोण कोणाशी काय बोललं, सासू हसली तर का हसली, हे बघायला तुम्ही इथे यायचं नाही. एक वर्षभर ना तुम्ही या उंबऱ्याच्या आत, ना ती तुमच्याकडे. तिला तिच्या डोळ्यांनी माझं घर बघू द्या."

मला वाटलं, आता हे उठतात. "पहिली दिवाळीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"पहिली दिवाळीसुद्धा."

आप्पासाहेब रुमाल काढून हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो पुन्हा डोक्याला बांधला, सावकाश, घट्ट. "कबूल," म्हणाले.

लग्न वैशाखात झालं, साधंच. मनूला टांग्यात बसवताना त्यांनी तिला काही उपदेश केला नाही, की कोणापासून जपून राहा म्हणाले नाहीत. तिच्या पदरावर बसलेला एक भुंगा बोटाने उडवला आणि बाजूला झाले. त्यानंतर घर फारच शांत झालं. मी मुद्दाम कुंपणाजवळ उभी राहायचे, ते बोलायचे, पण कामापुरतं. मासे कुठले कोणाबरोबर चालतील, हा विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीत मी फराळाचं ताट दिलं, तर म्हणाले, "ठेवा. चकली तिला आवडते." आणि ताटातल्या चकल्या तशाच राहिल्या.

थंडीत आमची बदली भुसावळला झाली. जाण्यापूर्वी मनूला भेटावं म्हणून मी एकटी खालापूरला गेले. बाजाराचा दिवस होता. टांग्यातून उतरले आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानाकडे माझं लक्ष गेलं. फळीवर, शिवायला टाकलेल्या कपड्यांच्या ढिगाआड, आप्पासाहेब बसले होते. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ गेले.

"तिला सांगू नका हो, वहिनी. शब्द उंबऱ्याच्या आत न जाण्याचा दिलाय. रस्ता काही कर्णिकांचा नाही."

"किती दिवस चाललंय हे?"

"दर बाजाराला येतो." ते समोरच्या अंगणाकडे बघत होते, आणि मी त्यांच्या डोळ्यांत ती जेलरची नजर शोधत होते, ती मला दिसली नाही. "जरा भरलीय अंगाने. मघाशी दोन लुगडी वाळत घालून गेली. हसत होती आतल्या कोणाशी तरी. तिला माहीत नाही मी इथे असतो ते. तुम्ही बोलू नका."

मी वचन दिलं आणि रस्ता ओलांडून आत गेले. मनूने मला मिठी मारली, चहा टाकला, माझ्या मुलांची चौकशी केली. आप्पांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. बोलता बोलता ती सारखी खिडकीच्या फटीकडे बघत होती. मग उठली, बादलीत पाणी घेतलं आणि माजघरातल्या दांडीवरचं एक लुगडं खाली ओढलं.

"अगं, ते तर खडखडीत वाळलंय," मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "मनू, समोरच्यांच्या गाडीला अजून वेळ आहे गं. ते निळंही घे."

मनूने निळं लुगडंही ओढलं, दोन्ही बादलीत बुडवली, पिळली, आणि अंगणात वाळत घालायला गेली.